पेटी गेली कुठे? हापूसची सप्लाय चेन मोबाइलवर आणायची, टप्प्याटप्प्याने

पेटी बागेतून निघते, चार-आठ दिवसांनी पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशोब, येते आणि मधे काय झालं ते देव जाणे. राजापूर घ्या, देवगड घ्या, वेंगुर्ला घ्या, सगळीकडे तीच तऱ्हा. पट्टीवर लिहिलेलं असतं "माल नरम", "डागी", "साका निघाला" (म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा), आणि आपण दलालाच्या नावाने दोन शिव्या घालून गप्प बसतो कारण उलट बोलायला हातात काही पुरावाच नसतो. गाडी घाटात अडकली होती, की पेटी मार्केटला उन्हात पडून होती, की मुळात तोडच कोवळी झाली होती, कोण सांगणार?

हल्ली सप्लाय चेनमधल्या टेक्नॉलॉजीवर बोलणारे भरपूर झालेत. एआय, ब्लॉकचेन (सगळ्यांची सामाईक, मागे जाऊन बदलता न येणारी वही), आयओटी (इंटरनेटला जोडलेले सेन्सर), ड्रोन, प्रत्येक कृषी मेळाव्यात दोन-तीन स्टॉल तरी असतातच. माझं मत सरळ आहे, आधी नोंद, मग सेन्सर, मग बाकीचं सगळं. ज्याला आपली पेटी कुठल्या बागेतली हे सांगता येत नाही त्याने ब्लॉकचेन घेऊन काय त्याचं लोणचं घालायचंय? खाली जो क्रम दिलाय तो मधल्या बागायतदारासाठी आहे, म्हणजे थोडा माल वाशीच्या घाऊक मार्केटला, थोडा मुंबई-पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांना, आणि जमलं तर एखादी लॉट एक्स्पोर्टरला. एका हंगामात सगळं करायला जाऊ नका, पहिल्या तीन पायऱ्या झाल्या तरी पुष्कळ.

पायरी १: आधी कागदावर साखळी काढा

मोबाइल बाजूला ठेवा, वहीचं एक पान घ्या. कलमावरून उतरलेला आंबा गिऱ्हाइकाच्या तोंडात जाईपर्यंत किती वेळा हात बदलतो ते लिहा. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) तोड, क्रेट, सावली, प्रतवारी, पेटी भरणं, हुंडेकऱ्याचा (माल वाहून नेणाऱ्याचा) टेम्पो, मोठी गाडी, मार्केट, दलाल, किरकोळवाला. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न: माल किती वेळ थांबतो, कुणाच्या ताब्यात असतो, आणि तिथे काही लिहिलं जातं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी "नाही" येईल, आणि जिथे "नाही" आलं तिथेच आपले पैसे गळतायत असं धरून चाला. हे काम घरातल्या सगळ्यांना घेऊन करा, पॅकिंगला बसणाऱ्या वहिनींना आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला जे माहीत असतं ते मालकाला नसतं.

पायरी २: लॉट नंबर, ह्याच्याशिवाय पुढचं सगळं फुकट

लॉट म्हणजे एका बागेतून, एका दिवशी, एका टोळीने तोडलेला माल. त्याला एक छोटा नंबर द्यायचा. उदाहरणार्थ "स-१४०४-२", म्हणजे सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) बाग, १४ एप्रिल, दुसरी टोळी. खाडीकडच्या बागेला "ख", घरामागच्या कलमांना "घ". एवढंच, ह्याहून हुशारी करू नका, लांबलचक कोड कुणी लिहीत नाही.

एवढ्याशा नंबराने काय होतं ते बघा. अमेरिकेत वॉलमार्टने आयबीएमबरोबर एक चाचणी केली होती, दुकानातल्या कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग काढून तो कुठल्या बागेतला हे शोधायला त्यांना जुन्या पद्धतीने जवळपास सात दिवस लागले, आणि सगळ्या नोंदी ब्लॉकचेनवर आणल्यावर तेच २.२ सेकंदात सापडलं. ह्या गोष्टीत सगळे ब्लॉकचेनचं कौतुक करतात, पण खरी मेहनत त्याच्या आधी झालेली, प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी लॉट लिहिला होता म्हणून ते सेकंदात सापडलं. आपल्याकडे मालक एकच, टोळ्या दोन-चार, आपल्याला साधी शीट पुरते. ब्लॉकचेन तिथे लागते जिथे एकमेकांवर विश्वास नसलेले खूप जण एकाच वहीत लिहिणार असतात.

लॉटमागे किमान एवढं लिहा: बाग, तारीख, तोड किती वाजता सुरू आणि किती वाजता संपली, टोळी, क्रेट किती, पेट्या किती आणि कुठल्या डझनाच्या, डागी आणि बारीक किती बाजूला काढला, आणि फळाची तयारी किती आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण). चौदा आणे तयार म्हणून आपण डोळ्याने ठरवतो ते ठीकच आहे, पण त्याच्या जोडीला बादलीची चाचणी करा, प्रत्येक लॉटमधली दहा-वीस फळं पाण्यात सोडायची, तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. किती तरंगली तो आकडा लॉटसमोर टाकायचा. पट्टीवर "माल कवळा" आलं की पहिलं ह्याच रकान्यात बघायचं.

साक्याचंही तसंच. सड्यावर कातळ तापतो, जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेने साका वाढतो हे संशोधकांनी सांगून झालंय आणि कलमाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन केलं तर तो कमी होतो हेही. पण आपल्या कुठल्या बागेत साका जास्त हे लॉट नंबर असेल तरच कळणार, नाहीतर सगळ्याच बागेत आच्छादन करत बसा.

पायरी ३: शीट आणि फॉर्म

गूगल फॉर्म मराठीत बनवा, टाइप करायचं काम जितकं कमी तितकं बरं. बाग, टोळी, डझन हे सगळं निवडायच्या यादीत टाका. एक अडचण मात्र आधीच सांगतो, सड्यावर रेंज नसते आणि गूगल फॉर्म ऑफलाइन चालत नाही. त्यापेक्षा गूगल शीट मोबाइलवर "ऑफलाइन उपलब्ध" करून ठेवा, बागेत भरा, घरी वायफायला आलात की आपोआप वर जाते. घरातली म्हातारी माणसं म्हणणार, "माका काय तां मोबाईल जमूचा नाय", तर त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी मेसेज टाकू दे, संध्याकाळी पोरगा नाहीतर सून शीटमध्ये भरेल. मराठीत बोलून टाइप करणं आता फोनमध्ये बऱ्यापैकी चालतं, आकडे मात्र एकदा नजरेखालून घाला, पंधरा आणि पन्नास ह्यात ते हमखास घोळ घालतं.

शीटचे दोन भाग ठेवा. एकात लॉट, दुसऱ्यात रवानगी, म्हणजे कुठल्या लॉटच्या किती पेट्या कुणाला, कुठल्या गाडीने, किती वाजता. दोघांना जोडणारा धागा म्हणजे लॉट नंबर. पट्टी आली की तिसरा भाग: दर, हमाली, तोलाई, भाडं, हातात किती. पट्टीचा फोटो एआयवाल्या अ‍ॅपला देऊन तक्ता करून घेता येतो आणि वेळ खूप वाचतो, पण बेरीज स्वतः ताडून बघा, हस्ताक्षर घाणेरडं असलं की ते अ‍ॅप बिनदिक्कत ठोकून देतं.

पायरी ४: पेटीवर क्यूआर

क्यूआर कोड हा पैसे घ्यायला निघाला असं आपल्याला वाटतं, पण १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा ह्यांच्या टीमने तो गाड्यांच्या सुट्या भागांचा माग ठेवायला बनवला, म्हणजे जन्मापासूनच तो सप्लाय चेनचा आहे. कारखान्यात तेलकट हात लागणार, डाग पडणार, म्हणून त्यात चुका भरून काढायची सोय आहे. कोड बनवताना चार पातळ्या असतात, त्यातली सगळ्यात वरची, "एच" नावाची निवडा, सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचतो. पेटी ओली होते, घासते, त्यामुळे आपल्याला हीच पाहिजे.

स्टिकर छापताना दोन खाचखळगे. एक, साधा थर्मल प्रिंटर स्वस्त पडतो पण त्याची छपाई उन्हात आणि उष्णतेत उडते, रिबनवाला प्रिंटर घ्या नाहीतर जवळच्या प्रेसमधून छापून आणा. दोन, इंटरनेटवर फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या साइट आहेत, त्यातल्या काही मधे स्वतःची लिंक घालतात आणि मुदत संपली की पैसे मागतात, ऐन मे महिन्यात तुमचे सगळे स्टिकर मेलेले. लिंक सरळ तुमच्या स्वतःच्या पानाची असू दे.

त्या पानावर काय टाकायचं? बागेचा फोटो, लॉट, तोडीची तारीख, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आंबा कधी पिकणार आणि तोवर कसा ठेवायचा. पुण्यातल्या गिऱ्हाइकाचे अर्धे फोन ह्याच्यासाठीच असतात. "पेटी उघडा, पेंढ्यात पसरा, कच्चा असताना फ्रीजमध्ये घालू नका, रंग आणि वास सुटला की खा", एवढ्या चार ओळी पानावर असल्या की फोन निम्म्याने कमी होतात, आणि उरलेल्या फोनवर शांतपणे बोलता येतं.

आता खऱ्या-खोट्याचा प्रश्न. हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला २०१८ मध्ये, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांसाठी. पण जीआय मिळाला म्हणजे प्रत्येक बागायतदाराला तो आपोआप वापरता येतो असं नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. ती करा, सातबाऱ्यावर आंब्याची नोंद नसेल तर ई-पीक पाहणीतून ती पण करून घ्या. देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून पुढची पायरी गाठली, प्रत्येक फळावर युनिक कोडचा स्टिकर, छेडछाड केली की कळणारा, आणि गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरून तो खरा की खोटा तपासू शकतं. बागायतदाराला त्याच्या कलमांच्या हिशोबाने स्टिकर मिळतात, ही त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, कारण नुसता क्यूआर काय, कुणीही फोटो काढून हजार छापेल. आपल्या पेटीवरचा क्यूआर माहिती देतो, खरेपणाची हमी देत नाही, हा फरक गिऱ्हाइकाला पण प्रामाणिकपणे सांगा.

पायरी ५: पेटीत थर्मामीटर

ह्या एका पायरीने जितके डोळे उघडतात तितके बाकी कशानेच नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

टेम्परेचर डेटा लॉगर म्हणून काडेपेटीएवढं यंत्र मिळतं, काही हजारांत, ठरावीक वेळाने तापमान नोंदवून ठेवतं आणि नंतर यूएसबीने नाहीतर ब्लूटूथने मोबाइलवर आलेख दाखवतं. दोन घ्या. एक गाडीच्या मधल्या थरातल्या पेटीत, एक दरवाजाजवळच्या. नोंद दर १५ मिनिटांनी. निघण्याआधी यंत्राचं घड्याळ बरोबर आहे ना ते बघा, नाहीतर आलेख येतो पण कुठल्या घाटातला ते कळत नाही. वर मार्करने आपला फोन नंबर लिहा आणि दलालाच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की ह्या पेटीत यंत्र आहे, परतीच्या गाडीने पाठव. चहापाण्याचं बघतो म्हणालात की परत येतं.

आंबा तोडल्यावरही श्वास घेत असतो, स्वतः उष्णता सोडतो. उन्हात तापलेलं फळ तसंच पेटीत भरलं, पेट्या एकावर एक रचल्या, वर ताडपत्री आवळली, की मधल्या पेटीत तापमान बाहेरच्यापेक्षा वर जातं आणि आंबा वाटेतच पिकायला लागतो, एकसारखा पिकत पण नाही. उपाय यंत्रात नाही, बागेत आहे. तोड सकाळी लवकर, क्रेट थेट सावलीत, भरण्याआधी काही तास वारा लागेल असे पसरून ठेवायचे, आणि गाडी संध्याकाळी भरायची. लॉगर फक्त दाखवतो की ह्याने किती अंश फरक पडला, आणि एकदा आलेख बघितला की गडी पण ऐकतात, नुसतं सांगून ऐकत नाहीत.

आणि रीफर (माल थंड ठेवणारी) गाडी मिळाली तर उगाच खूश होऊन थंडगार करू नका. कच्च्या हापूसला साधारण १३ अंश बरं मानतात, त्याच्या फार खाली गेलं की थंडीची इजा होते, साल करडी पडते, फळ नीट पिकत नाही, चव जाते. मासळीच्या नाहीतर आइस्क्रीमच्या गाडीचा ड्रायव्हर सवयीने बटण खाली ओढतो, त्याला आकडा लिहून द्या. पिकलेला आणि कच्चा माल एका बंद गाडीत नको, पिकलेल्या फळाचा इथिलीन वायू कच्च्याला पण पिकवायला घेतो.

पिकवणीच्या चेंबरचा विचार असेल तर इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वापरायला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, परवानगी आहे, कॅल्शियम कार्बाइडला सक्त बंदी. चेंबरमध्ये तापमान, आर्द्रता, इथिलीन ह्यांच्याबरोबर कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर पण असलाच पाहिजे, तो साचला की पिकणं अडकतं. एकट्याने चेंबर परवडत नाही, पाच-सहा जण मिळून बघा, आणि तोवर पेंढ्यातली आढी आहेच.

पायरी ६: गाडी कुठे आहे

महागडं जीपीएस लगेच नको. ड्रायव्हरकडून लोकेशन शेअर करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं, आणि देवगडहून वाशीला भरलेल्या गाडीला त्याहून जास्त लागतात, त्यामुळे पनवेलच्या आधीच ते बंद पडणार. गूगल मॅप्सवरून "बंद करेपर्यंत" शेअर करता येतं, ते वापरा. मग लॉगरचा आलेख आणि गाडीची जागा शेजारी ठेवा. तापमान रात्री २ वाजता चढलंय आणि गाडी तेव्हा माणगावला उभी, म्हणजे काय झालं ते विचारायला आता तुमच्याकडे वेळ पण आहे आणि ठिकाण पण. भांडायला नाही, पुढच्या खेपेला गाडी तास-दोन तास आधी काढायला.

कागदांचं थोडक्यात. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही त्यामुळे ई-वे बिल लागत नाही. पल्पचे डबे पाठवत असाल तर ती गोष्ट वेगळी, राज्याबाहेर ५० हजारांच्या वरच्या मालाला लागतं. जाता जाता, हायवेच्या खड्ड्यांवर सगळ्यात भारी उपाय कुठल्याच अ‍ॅपचा नाही, कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रक थेट वॅगनवर चढवून न्यायला सुरुवात केली, रो-रो, आणि रायगडमधल्या कोलाडला ते अजून बघायला मिळतं.

पायरी ७: थेट गिऱ्हाईक

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग, ऑर्डरसाठी फॉर्म, पैसे यूपीआयने आणि पैसे पाठवताना ऑर्डर नंबर टाकायला सांगायचं. ऑर्डर शीटमध्ये गिऱ्हाइकाला "कुठल्या आठवड्यात पाहिजे" हे विचारा, "कधी पाहिजे" नाही, तारीख दिली की लोक अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीचीच सांगतात. पेटी निघाली की लॉट नंबरसकट मेसेज. खराब फळाची तक्रार आली तर फोटो मागवा आणि बदली देताना ती तक्रार लॉटसमोर लिहा, हे विसरू नका. एकाच लॉटच्या तीन तक्रारी आल्या तर उरलेल्या गिऱ्हाइकांना आपणहून फोन करता येतो.

पायरी ८: एक्स्पोर्ट, जमलं तर

इथे फळापेक्षा कागद भारी. युरोपने फळमाशीमुळे १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली होती, २०१५ च्या सुरुवातीला उठवली, आणि तेव्हापासून बागेची मँगोनेटवर (निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत) नोंदणी, औषध फवारणीची नोंद, मान्यताप्राप्त पॅकहाऊस, हे सगळं कडक झालं. अमेरिकेसाठी विकिरण (किरणांचा मारा करून कीड निकामी करणं) लागतं, २००७ पासून तसाच जातोय. मे २०२५ मध्ये नवी मुंबईत विकिरण झालेल्या सुमारे १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या, कारण विकिरणाच्या कागदपत्रात गोंधळ होता. माल परत आणायचा खर्च परवडेना म्हणून तिथेच नष्ट केला. त्यामुळे एक्स्पोर्टर बागेवर आला की पहिल्यांदा फवारणीची वही मागणार, औषधाचं नाव, प्रमाण, तारीख आणि तोडीपर्यंतचे दिवस. पायरी ३ ची शीट चालू असेल तर हा रकाना वाढवायला पाच मिनिटं लागतात.

पायरी ९: अंदाज, ड्रोन आणि एआय

बागवार मोहोर कधी फुटला, पहिला, दुसरा, तिसरा, ह्याची तारीख आणि फोटो ठेवा. मोहोरापासून तोडीपर्यंत साधारण साडेतीन-चार महिने धरले की कुठल्या आठवड्यात किती पेट्या ह्याचा कच्चा अंदाज शीटच देते, आणि त्यावर खोके, पेंढा, गडी, गाडी सगळं आधी ठरवता येतं. फोटोवरून फळं मोजणारी अ‍ॅप आहेत पण हापूसच्या दाट पालवीत आतली फळं कॅमेऱ्याला दिसत नाहीत, सध्या तरी जुना जाणकार माणूस जास्त जवळचा आकडा सांगतो. ड्रोन फवारणीला बघा, मोजणीला नको.

हवामानासाठी आपल्या महसूल मंडळातलं महावेधचं (राज्यातल्या हवामान केंद्रांच्या जाळ्याचं) स्वयंचलित केंद्र कुठे आहे ते शोधून ठेवा. फळपीक विम्याचा निर्णय त्या केंद्राच्या आकड्यांवर होतो, तुमच्या बागेत काय पडलं त्यावर नाही. बागेत साधा पर्जन्यमापक आणि थर्मामीटर लावून दोन्ही आकडे शेजारी लिहा, फरक मोठा येत असेल तर गावातल्या सगळ्यांनी मिळून लेखी द्यायला काहीतरी हातात राहतं.

पावसाळ्यात करायचं

जूनमध्ये बाग संपली की लॉट, रवानगी आणि पट्टी हे तीन तक्ते एकत्र करून लॉटवार "पेटीमागे हातात किती" काढा. दलालवार, गाडीवार, बागवार. बहुतेक वेळा दर जास्त देणारा दलाल शेवटी हातात कमी देतो हे इथेच दिसतं, हमाली आणि नरम मालाची कपात मिळवली की. लॉगरमधले सेल काढून सिलिकाच्या पुडीबरोबर घट्ट डब्यात ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत सेल फुटून आतले पॉइंट गंजतात. जीआयची नोंदणी ह्याच दिवसांत सुरू करा, कागद फिरायला महिने लागतात. आणि आंबिया बहाराच्या (हिवाळ्यात मोहोरणाऱ्या हंगामाच्या) विम्याची शेवटची तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, ती मोहोर येण्याच्या गडबडीतच संपून जाते.